सब्रोगेट: क्लेमच्या कागदावरचं क्रियापद आणि त्यातला रोमन प्रश्न

फलकवाली
वाचनालयाच्या दारातल्या 'आठवड्याचा शब्द' या फलकासाठी या वेळी इंग्रजी क्रियापद आलंय: सब्रोगेट. ज्यांनी सुचवलं त्यांनी वाक्यही दिलंय, मालवाहतुकीच्या विम्याच्या कागदावरचं. देवनागरीत लिहिते: 'द इन्शुअरर शॅल बी सब्रोगेटेड टू ऑल राइट्स अँड रेमेडीज ऑफ द इन्शुअर्ड.'

फलकावर जेमतेम सात ओळी मावतात. अर्थ, लॅटिन मूळ आणि मराठी प्रतिशब्द, एवढं हवंय. शब्दकोशात 'दुसऱ्याच्या जागी ठेवणे' इतकंच सापडतं. ते वाक्यात घातलं तर 'विमा कंपनी सर्व हक्कांना दुसऱ्याच्या जागी ठेवली जाईल' असं होतं, म्हणजे शेंडा ना बुडखा. आणि तो 'टू' कशाला आलाय?

उसळपोहे
पाणबुडीतलं 'सब' आणि रोग लागलेला तो 'रोगेट'. आजारी पाणबुडी. पुढचा शब्द आणा.

लॅटिनचा_लळा
पाणबुडीतलं 'सब' आणि हे 'सब' एकच आहे, पण अर्थ वेगळा. आधी मागचा भाग घेऊ, कारण सगळा ऐवज तिथे आहे.

'रोगारे' म्हणजे विचारणे, मागणे. रोममध्ये हे साधं रोजचं क्रियापद होतंच, पण राज्यकारभारात त्याला नेमका तांत्रिक अर्थ होता. कायदा करायचा तर अधिकारी लोकांच्या सभेसमोर उभा राहून तो लोकांना 'विचारायचा'. सुरुवात ठरलेली: 'वेलितिस युबेआतिस, क्विरितेस', म्हणजे नागरिकहो, तुमची अशी इच्छा आणि आज्ञा आहे का? मग मसुदा. शेवटी 'हे मी जसं बोललो तसं, क्विरितेस, तुम्हांला विचारतो', आणि या शेवटच्या 'विचारतो'ला लॅटिनमध्ये शब्द आहे 'रोगो'. म्हणून विधेयकाचं नावच 'रोगातियो', विचारणा. मंजूर असेल तर उत्तर 'उती रोगास', तू विचारतोस तसं. नामंजूर असेल तर 'अंतिक्वो', जुनंच राहू दे. तोंडी मतं टिपून घेणाऱ्याला म्हणत 'रोगातोर'. इ.स.पू. १३१ च्या पापिरिया कायद्यानंतर कायद्यांवरचं मतदान मेणाच्या पाटीवर होऊ लागलं. पाटीवर होकारासाठी व्ही-आर ('उती'चा उ लॅटिनमध्ये व्हीनेच लिहीत) किंवा नकारासाठी ए. इ.स.पू. ६३ च्या सुमाराच्या लूकियुस कास्सियुस लोंगिनुसच्या चांदीच्या नाण्यावर एक मतदार पाटी टोपलीत टाकताना दिसतो, पाटीवर व्ही कोरलेला.

आता या 'रोगारे'ला एकेक उपसर्ग लावत जा, म्हणजे इंग्रजी कायद्याची निम्मी शब्दसंपत्ती हाती लागते. रोमन कायदेपंडित उल्पियानच्या नावावर असलेल्या एका छोट्या ग्रंथात हे एका दमात सांगितलंय. कायदा 'रोगातुर', म्हणजे मांडला जातो. 'आब्रोगातुर', आधीचा अख्खा काढला जातो. 'देरोगातुर', आधीच्याचा तुकडा काढला जातो. 'सुब्रोगातुर', आधीच्यात भर घातली जाते. 'ओब्रोगातुर', आधीच्यातलं काही बदललं जातं. यातला शेवटचा इंग्रजीत जवळजवळ मेला. बाकीचे ॲब्रोगेट, डेरोगेट आणि आपला सब्रोगेट म्हणून जिवंत आहेत.

काळाकोट_इंदूर
डेरोगेटवरून जोडतो. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १३ च्या शीर्षकात 'इन डेरोगेशन ऑफ' आहे. मराठी पाठात त्याचं 'मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले अथवा त्यांचे न्यूनीकरण करणारे कायदे' असं केलंय. न्यूनीकरण, म्हणजे तुकडा काढणं. उल्पियानला मान्य झालं असतं. वृत्तपत्रात मात्र डेरोगेटरी म्हणजे फक्त 'अपमानकारक' एवढाच अर्थ उरलाय, आणि त्यामुळे विधी शाखेचे विद्यार्थी 'इन डेरोगेशन ऑफ राइट्स'चं भाषांतर 'हक्कांचा अपमान' असं करून येतात.

कान्हकाठ
लळा, 'सुब्रोगातुर' म्हणजे भर घातली जाते म्हणालात. मग 'दुसऱ्याच्या जागी' कुठून आलं? भर घालणं आणि जागा घेणं या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लॅटिनचा_लळा
बरोबर पकडलंत. दुसरा अर्थ निवडणुकीतला आहे, आणि इंग्रजीत तोच आला.

रोमचे कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, दोन; मुदत एक वर्ष. मध्येच एक मेला तर उरलेल्याने लोकांना 'विचारून' रिकाम्या जागी दुसरा बसवायचा. या कृतीला 'सुब्रोगारे'. रोमन इतिहासकार लिवियुसच्या दुसऱ्या पुस्तकात प्रजासत्ताकाच्या अगदी पहिल्याच वर्षाची गोष्ट आहे, परंपरेने इ.स.पू. ५०९ ची. ब्रूटस लढाईत पडला, पुब्लियुस वालेरियुस एकटाच उरला, आणि लोक कुजबुजू लागले की याला राजा व्हायचंय. कारण काय? 'नेक कोल्लेगाम सुब्रोगावेरात इन लोकुम ब्रूती': ब्रूटसच्या जागी त्याने सहकारी बसवून घेतला नव्हता. (दुसरं कारण असं की तो टेकडीच्या माथ्यावर घर बांधत होता. शेजाऱ्यांचा संशय तेव्हाही बांधकामावरूनच.) 'इन लोकुम' हे दोन शब्द पाहा, म्हणजे जागी.

इथला 'सुब' हा 'खाली' नसून 'पाठोपाठ, बदल्यात' असा आहे. संस्कृत 'उप' आणि लॅटिन 'सुब' ही सख्खी भावंडं आहेत. आपल्याकडे उपनदी खाली वाहत नाही आणि उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खुर्चीखाली बसत नाही, तसंच हे.

उसळपोहे
उपाध्यक्षांचं खात्रीने सांगू नका.

मालवामाणूस
म्हणजे मल्हाररावांच्या जागी १७६७ मध्ये अहिल्याबाई आल्या, त्या 'सब्रोगेट' झाल्या, असं फलकावर लिहिता येईल का? इंदूरच्या वाचनालयात लोकांना पटकन कळेल.

काळाकोट_इंदूर
नका लिहू, काका. मल्हारराव १७६६ मध्ये गेले, गादीवर नातू मालेराव आले, ते १७६७ मध्ये वारल्यावर अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला. तो वारसा आणि कारभार यांचा प्रश्न आहे. सब्रोगेशनमध्ये मूळ हक्कदार जिवंत असतो, दाव्यावर बहुतेक वेळा नावही त्याचंच असतं. फक्त पैसे कोणाच्या खिशात जायचे ते बदललेलं असतं.

मालवामाणूस
पण वर लळा यांच्या उदाहरणात ब्रूटस मेलेलाच होता की!

लॅटिनचा_लळा
हा मुद्दा चांगला काढलात. रोममध्ये भरायची असे ती जागा, माणसाची इस्टेट नव्हे. आणि नव्या माणसाला नवं वर्ष मिळत नसे. ब्रूटसच्या वर्षातले जे महिने उरले तेवढेच त्याचे. लिवियुस सांगतो की ब्रूटसच्या जागी आलेला लुक्रेतियुस म्हातारा होता, थोड्याच दिवसांत तोही गेला, मग त्याच्या जागी होरातियुस आला. तिघं झाले, वर्ष एकच. मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. विम्यातही असंच आहे का ते बिल्टीबहाद्दर सांगतील.

बिल्टीबहाद्दर
शंभर टक्के असंच आहे, आणि लोक नेमके इथेच मार खातात.

फलकवालीताई, फलकाला लागणार नाही एवढं लिहितोय, पण शब्द कागदावर काम कसा करतो ते कळल्याशिवाय अर्थ बसत नाही. समजा सियागंजातून माल निघाला, ट्रक उलटला, नुकसान ४,००,००० रुपये. मालाचा विमा होता. विमा कंपनीने पॉलिसीतली वजावट वगैरे कापून ३,२०,००० दिले. आता नुकसान ट्रान्सपोर्टरमुळे झालंय, म्हणजे त्याच्याकडे भरपाई मागण्याचा व्यापाऱ्याचा हक्क अजून शाबूत आहे. दोन्हीकडून घेतलं तर व्यापारी नुकसानीवर नफा कमावेल. काहीच मागितलं नाही तर ट्रान्सपोर्टर फुकट सुटेल. म्हणून ज्याने पैसे दिले ती विमा कंपनी व्यापाऱ्याच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टरकडे मागते. त्या उभं राहण्याला सब्रोगेशन.

हक्क तोच, मागणारा बदलला. त्यामुळे हक्काला असलेली भोकंही तीच राहतात:

पहिलं भोक, नोटीस. रस्त्याने माल नेण्याचा २००७ चा कायदा, कलम १६: बिल्टी (ट्रान्सपोर्टरची माल घेतल्याची पावती) बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत ट्रान्सपोर्टरला नुकसानीची लेखी नोटीस गेली नसेल तर दावाच लावता येत नाही. तारीख बुकिंगची मोजायची. अपघाताची नाही, क्लेम मंजूर झाल्याचीही नाही. सर्व्हेअरचा अहवाल, मग कंपनीची शंका, मग उत्तरं, यातच पाच महिने जातात आणि व्यापारी समजतो की आता सगळं कंपनी बघेल. कंपनीला क्लेम देताना कळतं की नोटीसच नाही, म्हणजे तिला मागायला जागाच उरली नाही. मग ती व्यापाऱ्याचाच क्लेम कापते, कारण तिचा पुढचा हक्क शाबूत ठेवणं ही पॉलिसीची अट असते. रेल्वेने पाठवलेल्या मालाला १९८९ च्या रेल्वे कायद्यात अशीच नोटीस आहे, मुदत सहा महिने.

दुसरं, मुदत. माल हरवल्याबद्दल किंवा खराब झाल्याबद्दल वाहकावर दावा तीन वर्षांत. नुकसान झालं तिथून घड्याळ चालू होतं, विमा कंपनीने चेक दिला तिथून नाही. होरातियुसला ब्रूटसचंच वर्ष मिळालं, तसं.

तिसरं, बिल्टीवरचा शेरा. देवास नाक्यावर गोदामात माल उतरवून घेताना हमालीच्या गडबडीत 'माल बरोबर मिळाला' म्हणून सही होते. नंतर खोकी फोडल्यावर नुकसान दिसतं. ही सही व्यापाऱ्याला जितकी नडते तितकीच त्याच्या जागी आलेल्या कंपनीला. डिलिव्हरीच्या प्रतीवर तिथल्या तिथे लिहायचं: किती नग कमी, किती ओले, किती फुटले. 'तपासणीअंती सांगू' असं मोघम लिहून उपयोग नाही. आकडे घाला आणि ड्रायव्हरची सही घ्या.

चौथं, भाड्याची मर्यादा. जादा जोखीम-दर भरला नसेल तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंतच, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. भाडं १८,००० असेल तर १,८०,०००. कंपनीने ३,२०,००० दिलेत म्हणून तिला त्याच्याकडून ३,२०,००० मिळत नाहीत. व्यापाऱ्याला जेवढे मिळाले असते तेवढेच.

कान्हकाठ
आणि व्यापाऱ्याने क्लेमआधीच ट्रान्सपोर्टरशी तडजोड केली तर? समजा नेहमीचा ट्रान्सपोर्टर आहे म्हणून ५०,००० घेऊन 'आता काही येणं नाही' असं लिहून दिलं.

बिल्टीबहाद्दर
मग हक्क संपला. संपलेल्या हक्काच्या जागी कोणी उभं राहू शकत नाही. कंपनी तेवढ्यावर क्लेम नाकारू किंवा कापू शकते. आणि क्लेमचे पैसे घेतल्यानंतर मागच्या दाराने ट्रान्सपोर्टरकडून पैसे घेतले तर ते कंपनीसाठी घेतल्यासारखे होतात, परत द्यावे लागतात. 'नेहमीचा आहे' म्हणून केलेली चिठ्ठी सगळ्यात महाग पडते.

काळाकोट_इंदूर
व्याकरणाकडे येतो, कारण ताईंचा 'टू' अजून लटकलेला आहे.

सब्रोगेट हे सकर्मक क्रियापद आहे आणि त्याचं कर्म म्हणजे माणूस (किंवा कंपनी). ठेवलं जातं ते माणसाला. हक्क जिथल्या तिथे असतात. कायदा विमा कंपनीला विमेदाराच्या हक्कांपाशी आणून उभी करतो, त्या 'पाशी'चा 'टू'. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात कलम ७९ मध्ये असंच आहे: पूर्ण नुकसानीचे पैसे दिले की विमा कंपनी उरलेल्या मालावर ताबा घेऊ शकते आणि अपघाताच्या क्षणापासून विमेदाराच्या हक्क-उपायांना सब्रोगेट होते. अंशतः नुकसान असेल तर मालावर मालकी येत नाही, फक्त दिलेल्या पैशांपुरते हक्क येतात. हा फरक लक्षात न घेता कंपनीचा माणूस अर्ध्या भिजलेल्या मालावर बोट ठेवून 'हा आमचा' म्हणतो तेव्हा भांडण होतं.

आपल्याकडच्या पत्रांत मात्र 'वुई हिअरबाय सब्रोगेट अवर राइट्स टू यू' असं सर्रास असतं. इथे कर्म 'राइट्स' झालं. भाषा म्हणून चालून जातं, पण अर्थ घसरतो, कारण हक्क देणं म्हणजे असाइनमेंट, अभिहस्तांकन. आणि त्या दोघांत फरक पैशांचा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २०१० मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात हे नीट उलगडलं. प्रकार तीन. एक, काही लिहून न देता कायद्याच्या न्यायाने येणारं सब्रोगेशन. दोन, पत्राने अटी ठरवलेलं. तीन, सब्रोगेशन आणि असाइनमेंट एकत्र. बहाद्दरांचेच आकडे घेतो, जादा दर भरला होता असं धरून. नुकसान ४,००,०००, कंपनीने दिले ३,२०,०००, ट्रान्सपोर्टरकडून वसूल झाले ३,००,०००. पहिल्या प्रकारात व्यापाऱ्याचं न भरलेलं ८०,००० आधी फिटतं, उरलेले २,२०,००० कंपनीचे. दुसऱ्यात पत्रात 'कंपनीचं आधी' असं लिहिलं असेल तर तीनही लाख कंपनीचे. तिसऱ्यात हक्कच देऊन टाकलेला असतो. उद्या व्याजासकट ४,५०,००० वसूल झाले तरी सगळे कंपनीचे, व्यापाऱ्याला एक पैसा नाही. म्हणून पत्राचं शीर्षक वाचून सही करू नका. वर 'सब्रोगेशन' लिहिलेलं असतं आणि आत 'असाइन, ट्रान्सफर अँड अबँडन' अशी माळ असते. शीर्षकापेक्षा आतलं क्रियापद महत्त्वाचं.

त्याच निकालात हेही आहे की ग्राहक आयोगात कंपनीला विमेदाराच्या नावाने किंवा दोघांच्या नावाने जाता येतं. निव्वळ असाइनमेंट घेऊन एकटी गेली तर ती 'ग्राहक' ठरत नाही.

मालवामाणूस
पहिल्या प्रकारात जास्त पैसे आले तर? नुकसानीपेक्षा जास्त?

काळाकोट_इंदूर
वरचे व्यापाऱ्याचे. याचं सगळ्यात गमतीदार उदाहरण इंग्लंडमधलं, यॉर्कशायर इन्शुरन्स विरुद्ध निस्बेट शिपिंग, १९६१ चा निकाल. १९४५ मध्ये कॅनडाच्या युद्धनौकेशी टक्कर होऊन जहाज गेलं. विमा कंपनीने ७२,००० पौंड दिले. खटला वर्षानुवर्षं चालला, मध्येच १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, आणि कॅनडाने दिलेल्या डॉलरचे पौंड केले तेव्हा ते सुमारे १,२७,००० झाले. कंपनी म्हणाली, हक्क आम्हांला सब्रोगेट झालाय, सगळे आमचे. कोर्ट म्हणालं, तुम्ही दिलेत ७२,०००, तेवढे घ्या आणि गप्प बसा. कंपनीने आधी असाइनमेंट लिहून घेतली असती तर निकाल वेगळा लागला असता.

लॅटिनचा_लळा
दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचारणाऱ्याला स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त विचारता येत नाही. रोगारेच आहे शेवटी.

कान्हकाठ
आणि ज्याला विचारायचं तो आणि ज्याच्या वतीने विचारायचं तो एकच असेल तर? माल माझा, ट्रकही माझा.

काळाकोट_इंदूर
१८७७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर हेच आलं होतं, सिम्पसन विरुद्ध थॉम्सन. एकाच मालकाची दोन जहाजं एकमेकांवर आपटली, एक बुडालं. बुडालेल्याच्या विमा कंपनीने पैसे दिले आणि दुसऱ्या जहाजाच्या मालकाकडे मागायला गेली. मालक तोच! स्वतःवर दावा लावण्याचा हक्क कोणालाच नसतो, म्हणून कंपनीलाही नाही. स्वतःच्या ट्रकमधून माल नेणाऱ्यांचा प्रीमियम काढताना हे गणित मनात धरलेलं बरं.

फलकवाली
हे सगळं फारच उपयोगी आहे, पण प्रतिशब्द राहिला. आणि 'सरोगेट' याच कुळातला ना? लोक विचारणारच.

लॅटिनचा_लळा
कुळातला काय, तोच शब्द. 'सुब' पुढे 'र' आला की 'ब'चा 'र' होतो: सुब्रोगारे, सुर्रोगारे. दोन्ही रूपं लॅटिनमध्येच होती. आपल्या संधीत उत् + लेख चा उल्लेख होतो, सत् + जन चा सज्जन, तसंच. इंग्रजीने दोन्ही घेतली आणि वाटणी केली. 'सब्रोगेट' कायद्यापुरता राहिला. 'सरोगेट' आधी बिशपच्या वतीने लग्नाचे परवाने देणारा अधिकारी झाला, न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्रांचं काम पाहणारा न्यायाधीश झाला (आजही त्या कोर्टाचं नाव तेच), आणि आता सरोगसीमुळे घराघरांत पोचला. सोड्याच्या नावाखाली दारूची जाहिरात होते ती सरोगेट जाहिरात, म्हणजे तिथेही एकाच्या जागी दुसरा.

याच घरातले आणखी काही, घाईने. प्रेरोगेटिव्ह: मतदानात जिला पहिल्यांदा विचारायचं ती तुकडी 'प्राएरोगातिवा', म्हणून आज त्याचा अर्थ विशेषाधिकार. प्रोरोग: इ.स.पू. ३२६ मध्ये नेआपोलिसला वेढा घालून बसलेल्या पुब्लिलियुस फिलोची मुदत वाढवली, तेव्हा 'प्रोरोगारे' म्हणजे मुदत वाढवणे. इंग्रजीत ते पुढे ढकलणे झालं आणि मग संसदेचं सत्र संपवणे. पार उलटी कोलांटी. ॲरोगंट: जे आपलं नाही ते आपलं म्हणून मागून घेणारा.

आणि एक सावधगिरी. मोबाइलवर सब्रोगेट लिहिलं की तो पुष्कळदा 'सब्जुगेट' करून टाकतो. तिथे खरोखरच 'खाली' आहे: युगुम म्हणजे जू. संस्कृत युग, मराठी जू, इंग्रजी योक, सगळे एका रक्ताचे. इ.स.पू. ३२१ मध्ये कौदिनच्या खिंडीत हरलेल्या रोमन सैन्याला भाल्यांच्या जुवाखालून वाकून जावं लागलं, तो सब्जुगेट. क्लेमच्या पत्रात 'द इन्शुअर्ड इज सब्जुगेटेड' असं गेलं तर अर्थ दुर्दैवाने लागतो.

उसळपोहे
काही पॉलिसी वाचल्यावर तोच बरोबर वाटतो.

काळाकोट_इंदूर
प्रतिशब्द: इथल्या कोर्टात हिंदी चालते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या हिंदी पाठात कलम ९२ चं शीर्षक 'प्रत्यासन' आहे. गहाण दुसऱ्याने फेडलं तर फेडणारा गहाणदाराच्या, म्हणजे गहाण ठेवून घेणाऱ्याच्या, जागी येतो, ते हे कलम. पूर्ण फेडलं तरच, अर्धवट नाही. इंदूरच्या वाचकाला हा शब्द कागदावर भेटेल, म्हणून फलकावर द्याच. प्रति + आसन अशी फोड केली तर लक्षात राहतो. फक्त 'प्रत्यासन्न' लिहू नका, त्याचा अर्थ जवळ आलेला, मरणासन्न मधला.

'मुखत्यारी' मात्र नको. मुखत्यार दुसऱ्याच्या फायद्यासाठी दुसऱ्याच्या नावाने मागतो. सब्रोगेट झालेली कंपनी दुसऱ्याच्या नावाने मागते, पण स्वतःसाठी. घोळ होतो कारण पत्रासोबत मुखत्यारपत्रही सही करून घेतात, एकाच पिनेत टोचलेलं.

बिल्टीबहाद्दर
आयुर्विमा आणि वैयक्तिक अपघात विम्यात हे लागू नाही, तेवढं घाला. तिथे ठरलेली रक्कम मिळते, नुकसानीची भरपाई नाही, म्हणून कोणाच्या जागी उभं राहायचा प्रश्नच येत नाही.

फलकवाली
हा मसुदा. सात ओळी मोजून घेतल्यात.

सब्रोगेट (क्रियापद). उच्चार सब्-रो-गेट, जोर 'सब्'वर.
लॅटिन सुब (बदल्यात) + रोगारे (विचारणे). सरोगेट हे याचंच जुळं रूप.
रोममध्ये: मेलेल्या कॉन्सुलच्या जागी लोकांना विचारून दुसरा बसवणे.
विम्यात: भरपाई दिल्यावर विमेदाराचे हक्क विमा कंपनीकडे जातात.
आयुर्विम्याला लागू नाही.
हिंदी कायद्यात 'प्रत्यासन'.
मराठीत: जागी उभे करणे.

काळाकोट_इंदूर
चौथी ओळ. 'हक्क कंपनीकडे जातात' हे असाइनमेंट झालं. 'विमा कंपनी विमेदाराच्या हक्कांच्या जागी' हेही नको, हक्क कोणी व्यक्ती नाही. 'भरपाई दिल्यावर विमा कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहून त्याचा हक्क मागते.'

लॅटिनचा_लळा
दुसऱ्या ओळीत 'विचारणे, मागणे' असे दोन्ही घ्या. चौथ्या ओळीतल्या 'मागते'शी धागा जुळेल.

फलकवाली
दोन्ही बदलले. ओळी सातच राहिल्या, अक्षर जरा बारीक काढावं लागेल.

उसळपोहे
आणि आजारी पाणबुडी?

फलकवाली
आठवी ओळ नाही, भिया.